ग्रुपवर पीडीएफ नको, प्रश्न टाका

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अप्रेंटिस म्हणून लागलेल्या पोरांच्या मोबाइलमध्ये आयटीआयचा व्हॉट्सॲप ग्रुप हमखास सापडतो. त्यात हजेरीची सूचना, फॉर्मची शेवटची तारीख, सणाच्या शुभेच्छा आणि मधूनच चाळीस पानांची पीडीएफ. ती उतरवून घेतात आणि तिथेच राहते. समजा एखाद्याने दोन-तीनदा वाचली, तरी हाती फार लागत नाही.

याचे कारण रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात दिसते. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडे फिरले. वाचणारे ४२ वर घसरले, आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. आठवायला जो जोर लावावा लागतो, त्यानेच लक्षात राहते. म्हणून ग्रुपवर रोज एकच प्रश्न टाकावा, पण तो नीट घडवलेला असावा.

व्हर्नियर कॅलिपर या बारीक माप घेण्याच्या उपकरणाचेच घ्या. त्यात एक मुख्य पट्टी आणि तिच्यावर सरकणारी दुसरी पट्टी असते. लीस्ट काउंट (मोजता येणारे सर्वात लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे सरकत्या पट्टीवर ५० भाग ४९ मिमीत बसवलेले. सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीवरची २३ मिमीची रेघ ओलांडून गेलाय, २४ ला पोचलेला नाही, आणि सरकत्या पट्टीची १७ वी रेघ मुख्य पट्टीवरच्या एका रेघेशी तंतोतंत जुळते. जॉबचे, म्हणजे मोजायच्या वस्तूचे, माप किती? २३ अधिक १७ गुणिले ०.०२, म्हणजे २३.३४ मिमी. चुकीचे पर्याय मात्र मनाला येतील ते टाकू नयेत. २३.१७ ठेवा, कारण काही जण रेघांचा आकडाच शतांश समजून जोडतात. २४.३४ ठेवा, शून्याच्या मागची रेघ सोडून पुढची धरणाऱ्यांसाठी. आणि ४०.३४ जरूर ठेवा. या मापाला १७ वी रेघ मुख्य पट्टीच्या नेमक्या ४० वर जुळते, आणि जुळलेली रेघच मुख्य माप समजणे ही नव्या मुलांची मोठी चूक असते. असे पर्याय पोलमध्ये असले की कोणाचे कुठे अडले हे मतांवरूनच कळते.

प्रश्नासोबतचा फोटो समोरून, पट्टीला काटकोनात काढावा. कॅमेरा तिरका झाला तर दोन पट्ट्यांमधल्या उंचीच्या फरकामुळे जुळणारी रेघ सरकल्यासारखी दिसते आणि बरोबर वाचणाराही चुकतो. साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते, बारीक रेघा पुसट होतात. एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पोल लावताना एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा आधी बंद करायची. खरी अडचण पुढची आहे. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या पोलमध्ये कोणी काय निवडले हे नावानिशी दिसते. वर्गातल्या हुशार मुलाचे मत पडले की बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि आठवण्याचे कष्ट कोणी घेतच नाही. टेलिग्रामच्या क्विझ पोलमध्ये मते निनावी ठेवता येतात, आणि उत्तर दिल्यावर खाली छोटे स्पष्टीकरणही येते. तिथे मोबाइल नंबरही सगळ्यांपासून लपवता येतो. मुलींच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. अनोळखी शंभर जणांच्या ग्रुपवर त्यांचे नंबर उघडे ठेवणे चूकच.

सीमाभागात भाषेकडे लक्ष द्यावेच लागते. पुस्तक इंग्रजी किंवा कन्नड, विचार मात्र मराठीत, आणि शेजारच्या बाकावरचा कन्नड माध्यमातून आलेला. त्यामुळे ‘लीस्ट काउंट’, ‘झीरो एरर’ (जबडे मिटले तरी माप शून्य न दाखवणे) असे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, कारण परीक्षेत आणि कारखान्यात तेच लागतात. समजावणे मात्र एक मिनिटाच्या दोन व्हॉइस नोटमध्ये करावे, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. व्हिडिओपेक्षा त्या कितीतरी हलक्या असतात. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंज गेली तरी मिळेल तेव्हा उतरतात. याच कारणाने उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुदत द्यावी. प्रश्न शिफ्ट सुटल्यावरच टाकायचा. मशीन चालू असताना मोबाइल वाजणे धोक्याचे आहे.

तोच प्रश्न आकडे बदलून दोन दिवसांनी, आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी पुन्हा टाकावा. तिसऱ्या वेळी झीरो एरर घालायची. जबडे मिटल्यावर +०.०४ दाखवत असेल तर २३.३४ मधून ते वजा करून २३.३० येते, अधिक करून नव्हे.

मोठ्या ग्रुपवर मोजकेच बोलतात, बाकीचे नुसते बघतात. म्हणून सूचनांसाठी फक्त ॲडमिनने लिहायचा एक ग्रुप असावा, आणि सरावासाठी आठ-दहा जणांचे वेगळे ग्रुप. ४०.३४ ला बरीच मते पडली तर सोमवारी प्रॅक्टिकलला फळा लागत नाही. प्रत्येकाच्या हातात कॅलिपर द्यायचा, पट्टीचा शून्य कुठे थांबलाय ते बोटाने दाखवायला लावायचे, आणि मगच जुळलेली रेघ शोधायला सांगायची.