सरकी ते बायपास फॅट : जनावराच्या रक्तातल्या आणि अंगावरच्या चरबीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात दुभत्या म्हशीच्या आंबोणात सरकी आणि राबत्या बैलाला बांबूच्या नळीतून तेल, ही चाल जुनी. अख्ख्या सरकीत १८ ते २० टक्के तेल असते. घाण्याच्या पेंडीत ते ६ ते ८ टक्के उरते, सॉल्व्हंटच्या (रसायनाने तेल काढून घेतलेल्या) पेंडीत जेमतेम १ टक्का. त्यामुळे पोत्यावर ‘सरकी पेंड’ लिहिलेले असले तरी दोन पोत्यांची ताकद सारखी नसते.

सरकी खाणाऱ्या जनावराचे लोणी घट्ट होते, हे अमेरिकेच्या कापूस पट्ट्यात १९व्या शतकाच्या अखेरीसच नोंदवले गेले. सरकीच्या तेलातली काही विशिष्ट मेदाम्ले (चरबी ज्यांची बनते ती आम्ले) घट्ट मेदाम्लाचे पातळ मेदाम्लात रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) रोखतात. अंगावरची चरबीही त्यामुळेच कडक होते.

पण गवतात पातळ, असंतृप्त मेदाम्ले असूनही गाय-शेळीची चरबी मुळात घट्ट का? १९५१ मध्ये रेमंड रायझर यांनी मेंढीच्या कोटीपोटातल्या (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातल्या) द्रवात जवसाचे तेल टाकून दाखवले की तिथले जिवाणू असंतृप्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून संतृप्त, म्हणजे घट्ट करतात. म्हणजे गव्हाणीत टाकलेले तेल रक्तात त्याच रूपात पोचत नाही. जिवाणूंना मोकळे तेल मानवतही नाही. खुराकातली एकूण चरबी शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरणाऱ्या खाद्याच्या) ६-७ टक्क्यांवर गेली की ते मंदावतात, कडब्याचे पचन घटते, शेण पातळ होते. कडबा कमी आणि भरडा-तेल जास्त झाले तर दुधाची फॅटही पडते. अशा वेळी कोटीपोटात तयार होणारे ट्रान्स-१०, सिस-१२ नावाचे मेदाम्ल कासेतली चरबीनिर्मिती दाबते, हे कॉर्नेल विद्यापीठात २००० साली सिद्ध झाले. फॅट वाढावी म्हणून तेल ओतणाऱ्याच्या पदरी उलटेच पडते ते असे. शिवाय नळीतले तेल श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया ठरलेला.

मग कोटीपोट चुकवण्याचे प्रयत्न झाले. १९७०च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने तेलाच्या थेंबांभोवती केसीन (दुधातले प्रथिन) आणि फॉर्मल्डिहाइडचे कवच दिले. दूध आणि मांसात असंतृप्त मेदाम्ले खरोखर वाढली, पण ते दूध लवकर खवट होई. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोत पामक्विस्ट आणि जेंकिन्स यांनी मेदाम्लांचे कॅल्शियम साबण वापरले. हेच आजचे बायपास फॅट. कोटीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितके आंबट) ६च्या वर असेपर्यंत ते विरघळत नाही. चौथ्या कप्प्यातल्या आम्लात फुटते. भरडा जास्त होऊन कोटीपोटच आंबट झाले तर मात्र तिथेच फुटते आणि पैसे वाया जातात. पाम तेलाचा साबण सोयाबीन तेलाच्या साबणापेक्षा जास्त टिकतो. चव साबणासारखी असल्याने आठवडाभर हळूहळू वाढवत पेंडीत मिसळावे. दुधाच्या लिटरमागे १५ ग्रॅम धरले तर १० लिटरच्या गाईला रोज १५० ग्रॅम पुरते. दोन-तीन लिटरच्या लाल कंधारी गाईवर हा खर्च करण्यात अर्थ नाही.

चरबी दिली की रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. माणसाच्या मापाने त्याची भीती बाळगू नये. रवंथ करणाऱ्या जनावरात ते बहुतांशी एचडीएलमध्ये (माणसात ‘चांगले’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलच्या कणांत) असते आणि आतड्यातून आलेली चरबी वाहून नेणाऱ्या कणांच्या आवरणाला लागते. भर दुधातल्या गाईत डेसिलिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या वरचा आकडाही चालतो. काळजी उलट आकड्याची करावी : व्याल्यानंतर कोलेस्टेरॉल वर येत नसेल आणि अंगच्या चरबीतून सुटून रक्तात येणारी मुक्त मेदाम्ले चढलेली असतील, तर गाय कमी खाते आहे आणि अंगची चरबी यकृतात साचते आहे. गाभणपणी लठ्ठ झालेल्या गाईत हे हमखास दिसते. तिला आणखी चरबी खाऊ घालणे हा त्यावर उपाय नव्हे.

अंगावर चरबी चढणे हे दुधावर अवलंबून. व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जास्तीची ऊर्जा मुख्यतः कासेकडे जाते. दूध उतरले की तीच मात्रा पाठीवर चढते. शेळीचे वेगळे. बकरी ईदसाठी उस्मानाबादी बोकडाला तेल-सरकी चारली तर चरबी कातडीखाली फारशी न साठता मूत्रपिंड आणि आतड्यांभोवती साठते. जिवंत वजनावर विकणाऱ्याला ती चालून जाते. कापणाऱ्याला मात्र त्या वजनाचे मांस मिळत नाही.