दशमीचा चंद्र फिल्मवर

दुर्बिणीला फिल्मचा कॅमेरा जोडून चंद्राचे छायाचित्र घ्यायचे ठरले की बहुतेकजण पौर्णिमेची वाट पाहतात, आणि पहिली निराशा तिथेच पदरी पडते. पौर्णिमेला सूर्य जणू आपल्या पाठीमागून चंद्रावर प्रकाश टाकत असतो, त्यामुळे डोंगरांच्या आणि विवरांच्या सावल्या त्यांच्याच आड जातात आणि चित्रात उंचसखल असे काही उरत नाही. काळसर सागर (म्हणजे सपाट काळी मैदाने) आणि टायको विवरापासून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे उठून दिसतात. विवरांचे काठ आणि त्यांची खोली फिल्मवर उतरवायची असेल, तर उजेड आणि अंधार यांची सीमारेषा गाठावी लागते, कारण तिथे सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि लहानशा उंचवट्याचीही सावली लांबवर पडते.

ही सीमारेषा कोणत्या दिवशी कुठे असेल, हे सांगणारे साधन आपल्या घरात भिंतीवरच टांगलेले असते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, आणि तेवढ्या वेळात सीमारेषाही चंद्राच्या पृष्ठभागावर साधारण १२ अंशच पुढे सरकते. म्हणून शुद्ध षष्ठीला थिऑफिलस आणि त्याच्या शेजारची दोन विवरे, अष्टमी सरता सरता टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही तिघांची रांग, नवमीला टायको आणि प्लेटो, तर दशमीला कोपर्निकस असा क्रम ढोबळमानाने बांधता येतो. यात दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते आणि संध्याकाळपर्यंत ती बदललेली असू शकते. शिवाय चंद्र आपल्या बाजूने पाहता पूर्व-पश्चिम सुमारे ८ अंशांपर्यंत डुलतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तिथीचा फरक पडतो. तरीही महिन्याची आखणी करायला पंचांगासारखी दुसरी सोय नाही, असे माझे मत आहे.

फिल्मवर चंद्र केवढा उमटेल, याचा हिशेब सोपा आहे. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, काढून तिच्या जागी भिंग नसलेला कॅमेरा बसविला, तर दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतच्या अंतराला) साधारण ११०ने भागावे. येते ते चंद्रबिंबाचे माप. माझ्याकडील न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीचा आरसा १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट, एफ/८ आहे. तिच्यातून २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीत चंद्र जेमतेम ११ मिलिमीटरचा उमटतो. कोपर्निकस विवर प्रत्यक्षात ९३ किलोमीटर रुंद आहे, पण निगेटिव्हवर ते ०.३ मिलिमीटर भरते. त्यातला तपशील हवा असेल तर नेत्रिका जागेवर ठेवून तिच्यातून प्रतिमा फिल्मवर मोठी करून पाडावी लागते. प्रतिमा पाचपट मोठी केली की विवर दीड मिलिमीटरचे होते खरे, पण प्रकाश पंचवीसपट क्षेत्रावर पसरतो आणि एक्स्पोजरही, म्हणजे फिल्मला प्रकाश देण्याचा वेळही, पंचवीसपट वाढवावे लागते.

एक्स्पोजरसाठी छायाचित्रकार एक जुना आडाखा वापरतात: पूर्ण चंद्राला एफ/११ असताना शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याइतका (१०० आयएसओला १/१०० सेकंद) ठेवावा; आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशग्राहकता. १२५ आयएसओच्या इल्फर्ड एफपी४ प्लस फिल्मला एफ/८ वर हे गणित सेकंदाच्या १/२५० भागापाशी येते. रात्रीचे चित्र इतक्या झटपट निघते याचे नवख्याला आश्चर्य वाटते, पण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेली काळपट जमीनच आहे आणि तिचे चित्र उन्हातल्या जमिनीसारखेच घ्यायचे असते. घोटाळा होतो तो अष्टमीला. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा तेजस्वी असेल असे वाटते, पण तो जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका प्रकाश देतो, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असून ठायी ठायी सावल्यांनी झाकलेला असतो. क्षेत्रफळ निम्मे आणि प्रकाश दहावा हिस्सा, म्हणजे तेवढ्याच जागेतून प्रकाश पाचव्या हिश्श्याने येतो. तेव्हा १/२५० ऐवजी १/६० सेकंद लागतो, आणि सीमारेषेजवळचे काठ हवे असतील तर १/३० सुद्धा. मी प्रत्येक दृश्याची निदान तीन चित्रे वेगवेगळ्या वेगाने घेतो. फिल्म महाग झाली आहे हे खरे, पण ती तिथी पुन्हा महिनाभराने येते आणि आकाश तेव्हा मोकळे असेलच असे नाही.

माघ शुद्ध अष्टमीचा चंद्र गोव्यात सूर्यास्ताच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे त्याचा प्रकाश हवेच्या कमीत कमी थरातून येतो. ही अनुकूलता असली तरी जमिनीवरची हवा आपल्याला सांभाळावी लागते. चिऱ्याचे अंगण आणि काँक्रीटची गच्ची दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. दुर्बिणीतून पाहिले तर विवरांचे काठ उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखे हलतात. गच्ची माणसाच्या पावलांनीही हादरते. फोंड्यात मी कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेच्या गवती जमिनीवर दुर्बीण मांडू लागलो तेव्हा चित्रांत फरक पडला, मात्र तिथे दहिवर लवकर धरते. दुर्बीण जिच्यावर फिरते त्या बैठकीचीही एक अडचण आहे. आपला अक्षांश साडेपंधरा अंशांचा, म्हणजे बैठकीचा ध्रुवाकडे रोखलेला आस जवळजवळ आडवाच ठेवावा लागतो, आणि चाळीस-पन्नास अंशांवरच्या देशांसाठी बनविलेल्या बैठकांत अशा वेळी तोल सांभाळणारे वजन तिवईच्या पायाला अडते.

न्यूटोनियन दुर्बिणीला कॅमेरा जोडताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती म्हणजे प्रतिमा कॅमेऱ्यातील फिल्मपर्यंत पोहोचतच नाही, ती फिल्मच्या अलीकडेच पडते. मला मुख्य आरसा नळीत चार-साडेचार सेंटिमीटर पुढे घ्यावा लागला. त्यानंतर प्रश्न येतो अचूक फोकसचा. एफ/८ वर फिल्म खऱ्या फोकसपासून सुमारे ०.०७ मिलिमीटर पुढेमागे असली तर चालते, म्हणजे ही सूट वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी आहे. कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकात मधोमध असलेला दुभंगलेला प्रिझम एफ/८ च्या अरुंद प्रकाशझोतात निम्मा काळा पडतो आणि त्याचा उपयोग होत नाही, म्हणून भोवतालच्या साध्या दुधी काचेवर एखाद्या तीक्ष्ण काठाच्या विवराकडे पाहत फोकस साधावा. मी तो तीनदा बिघडवून तीनदा जुळवितो.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत फिल्मवर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास. १/६० सेकंदात हे सरकणे नगण्य असते. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे चंद्राचे चित्र डॅगेरोटाइपवर, म्हणजे चांदीचा थर दिलेल्या पत्र्यावर, घेतले तेव्हा त्यांना सुमारे २० मिनिटे प्रकाश द्यावा लागला होता. त्या मानाने आपली अडचण फारच लहान आहे. मात्र नेत्रिकेतून मोठी केलेली प्रतिमा घेताना एक्स्पोजर पाव-अर्ध्या सेकंदावर जाते, आणि तेव्हा बैठकीची मोटर तर हवीच, शिवाय चित्र घेताना कॅमेऱ्यात वर उडणाऱ्या आरशाचा धक्काही चित्र बिघडवितो. पेंटॅक्स के१०००सारख्या साध्या कॅमेऱ्यात आरसा आधी उचलून ठेवण्याची सोय नसते. अशा वेळी दुर्बिणीच्या तोंडासमोर, तिला स्पर्श न करता, काळा पुठ्ठा धरावा, केबल रिलीजने शटर उघडे ठेवावे, दोन-तीन सेकंद कंप विरू द्यावा, मग पुठ्ठा झटक्यात बाजूला करून परत आणावा आणि शटर मिटावे. हातावर वेळ बसायला एक-दोन रोल जातात.

रोल धुण्याविषयी सांगणे आवश्यक वाटते, कारण माझी सर्वांत मोठी हानी तिथे झाली. एका प्रयोगशाळेत दिलेल्या रोलच्या पट्ट्या यंत्राने चंद्राच्या मधोमध कापून परत आल्या. आकाश काळे असल्याने एक चौकट कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे यंत्राला कळलेच नव्हते. तेव्हापासून मी रोलची पहिली चौकट दिवसाउजेडी अंगणावर खर्च करतो, आणि कृष्णधवल रोल घरीच धुतो. फिल्म धुण्याच्या रसायनाचे, डेव्हलपरचे, प्रमाण तापमान २० अंश असते, तर आमच्या विहिरीचे पाणी २७-२८ अंशांचे. एवढ्या तापमानाला धुण्याचा काळ जवळजवळ निम्मा होतो आणि पाच मिनिटांहून कमी वेळात फिल्म एकसारखी धुतली जात नाही, म्हणून परातीत बर्फ घालून तिच्यात सगळ्या बाटल्या आधी उभ्या कराव्या लागतात.

धुतलेली पट्टी न्हाणीघरात टांगली, की आपल्याकडील दमट हवेत ती वाळायला तीन-चार तास घेते. मग तिच्यावर भिंग ठेवून पाहिले, तर आकाश पारदर्शक आणि चंद्र काळा दिसतो. दशमीच्या चौकटीत कोपर्निकसची उजळलेली पश्चिमेकडची भिंत गडद झालेली असते आणि पूर्वेच्या काठाची सावली काचेसारखी स्वच्छ. उजेड उलटा झाल्यामुळे ते विवर क्षणभर टेकडीसारखे वर आलेले भासते, आणि नजर सरावली की पुन्हा खोल जाते.