दारूपायी घर गेलं, अभ्यासापायी नंबर आला

भाच्याने शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडायचं इंग्रजी पत्र मला तपासायला दिलं. सरांचे आभार मानताना पठ्ठ्याने लिहिलं होतं, ‘युअर गायडन्स कॉज्ड माय सक्सेस.’ व्याकरण चोख. शब्दकोशात ‘कॉज’ म्हणजे ‘कारण होणे’, तेही बरोबर. तरी वाक्य खटकत होतं. सरांच्या मार्गदर्शनाने पोराला काहीतरी बाधा झाली, असा सूर लागत होता. “मग चुकलं काय?” त्याने विचारलं आणि मला पटकन सांगता येईना.

शेवटी मराठीकडे वळलो. ‘दारूपायी घर गेलं.’ ‘बांधापायी भाऊ भावाचा वैरी झाला.’ आता म्हण, ‘अभ्यासापायी पहिला नंबर आला.’ भाचा हसला. ‘मुळे’ आणि ‘पायी’ दोन्ही शब्दयोगी अव्ययं, दोन्ही कारणच सांगतात. पण ‘पायी’ आलं की पुढे काहीतरी गमावलेलं असणार, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. शब्दांचंही तसंच. १९२०च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे जे. आर. फर्थ पुढे लंडनला भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांनी १९५७ साली लिहिलं. पण ही संगत मोजायची कशी? त्यासाठी संगणक यावा लागला. १९८०च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने छापील आणि बोली इंग्रजीचा प्रचंड साठा गोळा केला. अशा साठ्याला कॉर्पस म्हणतात. हवा तो शब्द पडद्याच्या मधोमध एकाखाली एक लावायचा आणि डाव्या-उजव्या बाजूचे शेजारी वाचत जायचं. ‘कॉज’च्या उजवीकडे रांगच लागते: डॅमेज, डेथ, पेन, प्रॉब्लेम्स, कॅन्सर. मायकल स्टब्ज यांनी १९९५मध्ये हे सविस्तर मांडलं. त्याच अभ्यासात ‘प्रोव्हाइड’च्या शेजारी मदत, निवारा, माहिती अशी भली मंडळी सापडली.

आता माझा आवडता भाग. दोन शब्द शेजारी आले ते योगायोगाने की सलगीने, हे कसं ठरवायचं? समजा, साठा १० कोटी शब्दांचा आहे. त्यात ‘कॉज’ १०,००० वेळा आणि ‘डॅमेज’ही १०,००० वेळा आलाय. सगळे शब्द पोत्यात घालून ढवळले, तर ‘कॉज’च्या लगेच पुढे ‘डॅमेज’ किती वेळा यावा? १०,००० गुणिले १०,००० भागिले १० कोटी, म्हणजे एकदा. प्रत्यक्षात, समजा, ५१२ वेळा आला, म्हणजे अपेक्षेच्या ५१२ पट. ५१२ म्हणजे दोनाचा नववा घात, म्हणून सलगीचा अंक ९. शून्य आला तर योगायोग.

पण यात एक खोट आहे. साठ्यात एकदाच आलेला एखादा अगम्य शब्द नेमका ‘कॉज’च्या पुढे पडला, तर त्याची अपेक्षा ०.०००१ आणि प्रत्यक्षात १. गुणोत्तर १०,०००, सलगीचा अंक १३च्या वर! एका अपघाताने ‘डॅमेज’ला मागे टाकलं. म्हणून दुसरं माप वापरतात: प्रत्यक्षातून अपेक्षा वजा करून प्रत्यक्षाच्या वर्गमुळाने भागायचं. डॅमेजला सुमारे २२.६ मिळतात, त्या उपटसुंभाला १. दोन्ही मापांत वर राहतो तो खरा सोबती. (इथे कंटाळलेल्यांनी पुढचा परिच्छेद गाठावा; मला मात्र ही गंमत सोडवत नाही.)

हा रंग सगळीकडे सारखा चढत नाही. शास्त्रीय निबंधांत ‘कॉज’ बऱ्यापैकी तटस्थ असतो. तापमान वाढल्याने दाब वाढला, एवढंच. रोजच्या बोलण्यात मात्र आपण कारण शोधायला निघतो तेच मुळी काही बिघडल्यावर. दिवा लागला तर का लागला, असं कोण विचारतं?

‘सक्सेस’ची गोष्ट याच्या उलट. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘मागून येणं’. जे मागून येतं ते, म्हणजे परिणाम, बरा किंवा वाईट. म्हणून १६११च्या इंग्रजी बायबलात यहोशवाला ‘गुड सक्सेस’चं आश्वासन आहे, नुसत्या ‘सक्सेस’ने तेव्हा भागत नव्हतं. पुढे चांगल्या संगतीत राहून शब्दच चांगला झाला आणि ‘गुड’ गळून पडलं. शब्दांत ‘सकारात्मक कंपनं’ असतात, आरशासमोर ‘सक्सेस, सक्सेस’ जपलं की यश खेचलं जातं, असं सांगून शिबिरांचे पैसे घेणाऱ्यांना हे जरूर विचारावं: आवाज बराचसा तोच असताना चारशे वर्षांपूर्वी ती कंपनं कुठे गेली होती?

माझा सगळ्यात लाडका शब्द ‘आफ्टरमॅथ’. यातला ‘मॅथ’ गणिताचा नव्हे, फॉरवर्ड काहीही सांगोत. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गवताची कापणी. पहिली कापणी झाल्यावर त्याच कुरणात पुन्हा उगवून येणारं गवत म्हणजे आफ्टरमॅथ. सोळाव्या शतकात इंग्रज शेतकरी ते गुरांना चारत होता. पुढच्या शतकात शब्द लाक्षणिक झाला आणि युद्ध, भूकंप, दंगल यांच्या शेजारी जाऊन बसला, तो कायमचा. आज ‘लग्नाचा आफ्टरमॅथ’ म्हटलं, तर नवरा-नवरीचं बिनसलं असंच वाटेल.

आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे, खोडवा. ऊस तुटून गेला, पाचट आवरलं, पाणी दिलं की जुन्या खोडातून हिरवे फुटवे वर येतात. त्याला नव्या बेण्याचा खर्च नाही. तोही कापणीनंतरच उगवतो, पण त्याच्या शेजारी अजून पाणी, खत आणि कारखान्याची तोडच येते.