पार्श्वभूमी : डांबरगोळी, डिझेलचा धूर आणि कणांवरची ये-जा

कपाटातली डांबरगोळी हळूहळू झिजते, पण कपड्यांवर ओल दिसत नाही. नॅप्थलीन घनरूपातून थेट हवेत जातं. त्याच्या रेणूत बेंझिनच्या दोन कड्या जोडलेल्या असतात. डिझेलच्या धुरात याच कुळातली तीन, चार, पाच कड्यांचीही संयुगं असतात. कड्या वाढल्या की उडणं अवघड. म्हणून नॅप्थलीन जवळजवळ सगळं वायुरूपात सापडतं, तर पाच कड्यांचं, कॅन्सरला कारण ठरणारं बेंझो-ए-पायरीन बहुतांशी काजळीच्या कणांवर. वाफ आणि कण यांच्यातली खरी ये-जा मधल्यांची, म्हणजे तीन-चार कड्यांच्या फेनान्थ्रीन, पायरीन अशांची.

ती मोजणं मात्र फार दिवस जमत नव्हतं. हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टरवर जे सापडेल ते मोजायचं, अशी रीत होती. वाफ आरपार निघून जायची, शिवाय तासन्‌तास हवा ओढताना कणांवरचा मालही थोडा उडायचा. मग ती वाफ पकडायला फिल्टरच्या मागे फोमचा बोळा बसवला गेला. सोफ्याच्या गादीत असतो तसलाच, पॉलियुरेथेनचा. जपानमध्ये ओसाकाच्या हवेवर यामासाकी आणि सहकाऱ्यांनी हेच केलं आणि १९८२ मध्ये दाखवून दिलं, की तापमान वाढलं की हीच संयुगं कण सोडून वाफेत जातात आणि गारठ्यात परत कणांवर बसतात. या साऱ्या इतिहासात मला हे काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण वाफ आणि कण यांच्यातल्या वाटणीचा नियम इथे खऱ्याखुऱ्या शहरी हवेत दिसला.

नियमाची मांडणी त्याआधी, १९७७ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ क्रिस्टियान युंगे यांनी केली होती. वाफ कणाच्या पृष्ठभागाला चिकटते, असं ते धरत. अमेरिकेत जेम्स पॅन्को यांनी १९९४ मध्ये वेगळी बाजू मांडली : कणावरच्या सेंद्रिय थरात वाफ विरघळते. डिझेलच्या काजळीवर न जळलेल्या इंधनाचा आणि इंजिन ऑइलचा थर असतोच. पण आतला कार्बनही या संयुगांना घट्ट धरतो, त्यामुळे युंगे यांचा विचार मोडीत निघाला नाही.

अमेरिकेत डिझेल इंजिनांच्या प्रदूषण चाचणीत धूर हवेत मिसळून ५२ अंश सेल्सियसच्या आत आणून फिल्टरवर घेत. रस्त्यावर मात्र तोच धूर कितीतरी जास्त विरळ होतो आणि कणांवरचं पुष्कळ द्रव्य पुन्हा उडून जातं. २००७ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅलन रॉबिन्सन यांच्या गटाने छोट्या डिझेल जनरेटरचा धूर बंद कक्षात प्रकाशाखाली ठेवला. उडालेल्या वाफेवर रासायनिक क्रिया होऊन तिथे नवे सेंद्रिय कण तयार झाले. नळीच्या तोंडाशी घेतलेला आकडा म्हणजे गाडीचं सगळं प्रदूषण, हा समज तेव्हापासून टिकण्यासारखा राहिला नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक आलं आणि डिझेल गाड्यांना काजळीचे फिल्टर लागले. ते घन कण अडवतात. गरम नळीत वाफ होऊन जाणारं त्यातून निसटतं. ते जाळण्याचं काम कॅटॅलिस्टवर, म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेल्या उत्प्रेरकावर येतं, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं तो पुरेसा तापलेला नसतो.