मोटरसायकलच्या रॅली फेअरिंगची, म्हणजे पुढच्या उंच कवचाची, काच उंच, म्हणजे वारा कमी?
साताऱ्यातल्या गॅरेजांत हा समज पक्का बसलाय. दिसायला उंच काच झकास, पण वाऱ्याचं गणित वेगळं. तिच्यामागे हवेचा दाब घटतो, मग काठावरून येणारी हवा गिरक्या घेत हेल्मेटवर आदळते आणि डोकं थडथडतं. काच जरा उतरवा, खाली फट सोडा. तिथून हवा आत शिरते, दाब सावरतो. डकार या वाळवंटी शर्यतीच्या मोटरसायकलींवरची उभी काच मुख्यतः रोडबुक (मार्गाच्या खुणांची नोंद) आणि नेव्हिगेशनची साधनं झाकायला असते.

फेअरिंगचा सांगाडा मात्र हँडलला बांधू नका, चासीच्या पुढच्या नळीलाच बोल्ट करा. नाहीतर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपाशी आडवा वारा थेट हँडल ओढतो. काच पॉलिकार्बोनेटची घ्या. अ‍ॅक्रिलिक दगड लागला की सहज तडकतं.