मृत्युपत्र
मृत्युपत्र : मृत्यूनंतर आपल्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावावी, याविषयी व्यक्तीने केलेली कायदेशीर घोषणा. इच्छापत्र आणि वसीयतनामा हे शब्दही रूढ आहेत. करणारा हयात असेतो ते अमलात येत नाही आणि त्याला ते केव्हाही बदलता वा रद्द करता येते. बक्षीसपत्राहून त्याचे वेगळेपण यातच आहे. येथे मुख्यतः भारतातील हिंदूंच्या लेखी मृत्युपत्रांचा विचार केला आहे. मुसलमानांच्या वसीयतीला निराळे नियम लागू असून ती तोंडीही करता येते. वारसांची संमती नसल्यास सामान्यतः एक-तृतीयांश मालमत्तेपुरतीच ती चालते.

धर्मशास्त्रग्रंथांत मृत्युपत्राला नेमका प्रतिशब्द आढळत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच मानला की बापाच्या मरणोत्तर मर्जीला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे ब्रिटिशपूर्व काळात ही कल्पना हिंदूंना अपरिचित होती, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती मुसलमानी वसीयतीवरून आली, तर काहींच्या मते इंग्रजी न्यायालये असलेल्या शहरांत रुजली. उलट बाजूने कात्यायन या प्राचीन स्मृतिकाराचे वचन पुढे केले जाते : धर्मकारणासाठी जाहीर केलेले दान न देताच दाता मेला, तर ते त्याच्या मुलाकडून देववावे. हे वचन धर्मदानापुरते आहे; त्यातून साऱ्या मालमत्तेची मरणोत्तर व्यवस्था काढणे ओढाताणीचे होईल. तथापि मेलेल्याचा शब्द वारसांना पाळावा लागतो ही जाणीव जुनी असावी आणि नव्या दस्ताला तिचा आधार मिळाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. टागोर खटल्यात (1872) प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायपीठ) हिंदूंच्या मृत्युपत्राला दानाचीच तत्त्वे लावली.

1870 च्या हिंदू मृत्युपत्र अधिनियमाने बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई ही शहरे यांपुरते लेखन व साक्षांकन (साक्षीदारांच्या सह्या) आवश्यक केले. इतरत्र तोंडी मृत्युपत्रही चाले. 1 जानेवारी 1927 पासून केलेल्या सर्व हिंदू मृत्युपत्रांना ही अट लागू झाली, म्हणून जुन्या दस्ताचा विचार करताना आधी तारीख आणि ठिकाण पाहावे लागते. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा हिंदूंना 1956 च्या उत्तराधिकार अधिनियमाने मिळाली.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार करणाऱ्याची सही वा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझी’ अशी कबुली त्याच्याकडून घेतलेली असावी, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर करावी. दोघे एकाच वेळी हजर असणे आवश्यक नाही. मजकूर त्यांना वाचून दाखवण्याचीही गरज नाही. प्रत्येक पानावर सहीची सक्ती नसली, तरी पान बदलल्याचा आरोप टाळण्यासाठी ती करावीच. नंतर केलेली खाडाखोड पुन्हा सही व साक्षी झाल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत. साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द ठरवणारे कलम 67 हिंदूंना लागू नाही. तरी लाभ मिळणाऱ्यालाच साक्षीला बसवणे म्हणजे वादाला आमंत्रण. पुढे वाद झाल्यास हयात व उपलब्ध असलेला निदान एक साक्षीदार न्यायालयात तपासावा लागतो, म्हणून साक्षीदार करणाऱ्याहून तरुण असावेत. संशयास्पद परिस्थितीचे निरसन मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यात (1958) ठरवले.

मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीमुळे संशय आपोआप फिटत नाही, पण नक्कल सरकारी दप्तरात राहते. करणारा हयात असेपर्यंत ती त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते.

जपणुकीची एक उत्तम सोय नोंदणी अधिनियम, 1908 मध्ये आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते, हे खेदाचे आहे. मृत्युपत्र लाखबंद पाकिटात घालून, वर ठेवणाऱ्याचे नाव आणि दस्ताचा प्रकार लिहून, जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेवता येते. निबंधक पाकिटावरील मजकूर पुस्तक क्रमांक 5 मध्ये उतरवतो. पाकीट कोणत्या दिवशी, किती वाजता मिळाले, ओळख कोणी पटवली आणि मोहोरेवर कोणती अक्षरे वाचता येतात, याचीही नोंद होते. मग पाकीट अग्निरोधक पेटीत जाते. आतला मजकूर कोणी वाचत नाही. करणाऱ्याला पाकीट केव्हाही परत मागता येते.

घरी वा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेले मृत्युपत्र गहाळ झाल्यास प्रतीवरून प्रोबेट (मृत्युपत्र शाबीत झाल्याचा न्यायालयाचा दाखला) मिळवता येते. मात्र ते शेवटी करणाऱ्याच्याच ताब्यात असेल, तर त्यानेच ते नष्ट केले असावे असे अनुमान निघू शकते. म्हणून मूळ प्रत कुठे आहे, हे व्यवस्थापकाला (मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला) सांगून ठेवावे. निबंधकाकडचे पाकीट मृत्यूनंतर अर्जदारासमोर उघडतात, मजकूर त्याच्या खर्चाने पुस्तक क्रमांक 3 मध्ये (मृत्युपत्रांच्या नोंदवहीत) उतरवतात आणि मूळ मृत्युपत्र पुन्हा जपून ठेवतात.