रेशनच्या लाल गव्हाची अमेरिकी कुळकथा

साठच्या दशकात महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांवर मिळणाऱ्या लाल गव्हाचा विषय निघाला की बोलणे आपल्या टंचाईपासून सुरू होते. तो गहू ज्या कायद्याखाली आला तो पब्लिक लॉ ४८०, आपल्याकडचा ‘पीएल-४८०’, मात्र अमेरिकेतल्या शेतकऱ्याची अडचण सोडवायला झाला होता. ती अडचण पहिल्या महायुद्धाइतकी जुनी आहे.

युरोप लढत होता तेव्हा अमेरिकी सरकारने गव्हाला बुशेलमागे, म्हणजे साधारण २७ किलोंना, दोन डॉलरहून जास्त हमी भाव दिला. ग्रेट प्लेन्स या अमेरिकेच्या मधल्या भागातल्या सपाट गवताळ प्रदेशातली कुरणे नांगराखाली आली. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी आणि यंत्रे घेतली. युद्ध संपले, युरोप पुन्हा पिकवू लागला आणि १९२० नंतर भाव कोसळले. १९२९ च्या शेअर बाजाराच्या घसरणीला आपण महामंदीची सुरुवात मानतो, पण खेड्यांतली मंदी त्याआधी आठ-नऊ वर्षे चालू होती. सरकारने जादा माल चढ्या भावाने घेऊन परदेशात स्वस्तात विकावा, असे विधेयक अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९२७ आणि १९२८ मध्ये मंजूर केले. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. १९३२ मध्ये गव्हाचा भाव ४० सेंटांच्याही खाली गेला.

मे १९३३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वेगळा कायदा करून वेगळा रस्ता धरला. शेतकऱ्याने कमी पिकवावे आणि त्याबद्दल सरकारकडून पैसे घ्यावेत. भावाचे माप ठरले १९०९ ते १९१४ या काळाचे, कारण तेव्हा शेतमालाचे आणि शेतकऱ्याला विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंचे भाव एकमेकांना साजेसे होते, अशी समजूत होती. याला ‘पॅरिटी’ म्हणत. अडचण अशी की कायदा होईपर्यंत कापूस पेरून झाला होता आणि डुकरिणी व्यायल्या होत्या. मग कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या खात्याने सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरायला लावला आणि साठ लाखांच्या आसपास पिल्ले कापायला घेतली. त्यातले काही मांस गरिबांना वाटले गेले, तरी शहरांत लोक पावासाठी रांगा लावून उभे असताना हा प्रकार अनेकांना सहन झाला नाही. दक्षिणेत तर याहून वाईट घडले. जमीन पडीक ठेवण्याचे पैसे मालकाच्या हाती पडले आणि बटाईने कसणारी कुटुंबे, त्यांत कितीतरी कृष्णवर्णीय, जमिनीवरून हुसकली गेली. न्यू डीलच्या, म्हणजे रूझवेल्ट यांच्या मंदीविरोधी कार्यक्रमाच्या, कौतुकात ही बाजू सहसा सुटते.

१९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. १९३८ मध्ये नवा आला. त्या नव्या कायद्याचा हात कुठवर पोहोचत होता, हे ओहायोच्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याच्या खटल्यात दिसते. त्याला ११.१ एकरांवर गहू पेरायची परवानगी होती, त्याने २३ एकर पेरला. जादा गहू घरच्या जनावरांसाठी आहे, विकायचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने १९४२ मध्ये एकमताने दंड कायम ठेवला: घरचा गहू वापरणारा माणूस बाजारातून तेवढा कमी गहू घेतो, आणि तसे सगळेच वागले तर भावावर परिणाम होतो.

या सगळ्या धोरणात एक मोठे भोक होते. सरकार एकर मोजत होते, उत्पादन नव्हे. शेतकरी हलकी जमीन पडीक ठेवायचा आणि चांगल्या जमिनीत खत, संकरित बी आणि ट्रॅक्टर घालून जास्त पीक काढायचा. दुसऱ्या महायुद्धात प्रमुख पिकांना पॅरिटीच्या ९० टक्के आधारभाव मिळाला, आणि शेतकरी राज्यांची मते गमवायला कोणी तयार नसल्याने युद्धानंतरही तो हटला नाही. न खपलेले धान्य सरकारी महामंडळाच्या गळ्यात येऊ लागले. कोठारे भरली तेव्हा हडसन नदीत नांगरून ठेवलेल्या युद्धकाळातल्या रिकाम्या जहाजांत गहू साठवला गेला.

१० जुलै १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पीएल-४८० वर सही केली ती या पार्श्वभूमीवर. घेणाऱ्या देशाने डॉलरऐवजी आपल्याच चलनात पैसे द्यायचे, ही त्यातली मेख. डॉलरची चणचण असलेल्या भारताला ते सोयीचे होते. पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. (गाजरगवत या गव्हातूनच आले असे आपल्याकडे ठामपणे सांगतात, पण पुण्यात ते १९५५ मध्येच दिसले होते.) मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये चार वर्षांसाठी १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदळाचा करार केला. स्वस्त गव्हाने इथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो, ही तक्रार तेव्हापासूनची, आणि ती निराधार नव्हती. अमेरिकेच्या खात्यात साचलेल्या रुपयांपैकी बरेच भारतालाच कर्जाऊ मिळाले. त्यातल्या छोट्याशा भागातून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके अमेरिकी विद्यापीठांसाठी विकत घेतली गेली. तिथल्या ग्रंथालयांतल्या मराठी कपाटांचा पाया असा घातला गेला.

१९६५ नंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हा त्यामागचा आग्रह होता आणि अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावरच्या भारतीय टीकेचा रागही. पण हा कार्यक्रम कशावर चालत होता हे खरे कळले ते साठा संपल्यावर. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने एक कोटी टनांहून अधिक अमेरिकी गहू विकत घेतला. कोठारे रिकामी झाली, भाव चढले, आणि १९७४ पर्यंत पीएल-४८० खालची निर्यात साठच्या दशकाच्या मध्याच्या तुलनेत पाव हिश्श्याहूनही खाली आली. त्याच वर्षी बांगलादेशात दुष्काळ पडला. बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली होती, आणि क्युबाशी व्यापार करणाऱ्यांना मदत नाही असे कायद्यातले कलम दाखवून धान्य अडवण्यात आले. ढाक्याने ती निर्यात थांबवली. गहू पोहोचला तोवर दुष्काळाचा सर्वांत वाईट काळ उलटून गेला होता.